हुद्द्याचा रकाना



मागल्या महिन्यात मी माझ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जाऊन आलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ते कॉलेज तसलंच आहे, आमचं तसं नाही. आणि अंक घडी घालून खिशात ठेवाल.

रात्रपाळी करून सकाळी सुटलो. तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. केसातली रुई निघत नाही, ती तशीच राहिली. सूतगिरणीत रिंग खात्यात मी साइडर आहे. साच्याच्या दोन्ही बाजूंनी फिरत राहायचं, तुटला धागा की सांधायचा. रात्रभर हेच. कविता सुचते ती तिथंच, आणि लिहायला हात मोकळा नसतो म्हणून अर्धी विसरून जाते.

मेळावा आपल्याच माणसांचा होता, हे आधीच सांगून टाकतो. मंचावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील, मेणबत्त्या. वरच्या आळीवर तोंडसुख घेणारा लेख वाचायचा असेल तर तो दुसरीकडं पुष्कळ मिळतो. हे घरातलं भांडण आहे आणि मी ते चौकात आणतोय, कारण घरात मला बोलू दिलं नाही.

दारात टेबल, टेबलावर वही. वहीत रकाने आखलेले : नाव, बॅच, पदवी, हुद्दा, देणगी. टेबलाशी बसलेलं पोरगं सेकंड इयरचं असावं. मी नाव लिहिलं, वर्ष लिहिलं आणि थांबलो.

"दादा, पदवी लिवा की."

"पदवी नाही रे. सेकंड इयरला सोडलं."

"मग हुद्दा?"

"साइडर."

"म्हंजे ऑफिसर का?"

"म्हंजे साच्याच्या साइडला उभा राहणारा."

पोरगं हसलं. मग हळूच म्हणालं, "सर म्हणलेत, रकाना मोकळा ठिवू देऊ नका. नॅकला दाखवायचंय."

तर हे असं आहे. नॅकच्या तपासणीत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग म्हणून एक मुद्दा असायचा. संघटना नोंदलेली आहे का, पाच वर्षांत किती लाख दिले, त्यावर मार्क. गावोगावच्या कॉलेजांना एकाएकी आपल्या जुन्या पोरांची माया का आली, ते यातून कळतं. मी पदवीच्या रकान्यात रेघ मारली, हुद्द्यात लिहिलं 'रिंग खातं', आणि देणगीत शंभर रुपये. शंभरची पावती मात्र लगेच मिळाली.

आत स्मरणिका वाटत होते. गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर. आपल्या ह्या अंकाची शाई बोटाला लागते, त्याची लागत नव्हती. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, कारण छापलेलं सगळं वाचायची मला सवय आहे. भेळीचा कागदसुद्धा मी वाचून टाकतो. अमुक साहेब उपसंचालक झाले. अमुक साहेबांच्या चिरंजीवांना लंडनला प्रवेश. अमुक मॅडम सेवानिवृत्त, सत्कार. अमुक यांनी 'तथागत' बंगल्यात गृहप्रवेश केला, फोटो. आजी विद्यार्थ्यांना एक पान होतं, त्यात मेरिटमध्ये आलेल्या चौघांचे पासपोर्ट फोटो. वसतिगृहाबद्दल एक ओळ नाही. शिष्यवृत्तीबद्दल नाही. किती पोरं आली आणि किती मधूनच गेली, त्याचा आकडा नाही. ही म्हणे विद्यार्थ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची वार्ता!

मंचावरच्या एका साहेबांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्याला नाटक म्हणणार नाही. त्यांचा बाप गावकीचं काम करत होता, जोहार घालत होता, हे ते स्वतः सांगत होते. ज्या गावानं बापाला नुसत्या अर्ध्या नावानं हाक मारली, त्या गावच्या रस्त्यानं मुलाची गाडी जाते, तेव्हा त्या गाडीचा धुरळासुद्धा मला आवडतो. बंगल्यावर 'तथागत' लिहिलेलं असलं तर अजून आवडतो. पण त्यांचं भाषण संपलं आणि आम्ही जेवायला बसलो, तेव्हा काय झालं ते ऐका.

पुऱ्या वाढणारी पोरं वसतिगृहातली होती. एकानं माझ्या केसांतली रुई बघितली. दुसऱ्यांदा आला तेव्हा वाकून विचारलं, "दादा, तुम्ही गिरणीत हायत का?" मी हो म्हणालो. तिसऱ्यांदा आला तेव्हा पुरी ताटात तशीच धरून म्हणाला, "बदलीत घेतेत का तिथं? रातपाळी चालंल मला."

"कामून? कॉलेज?"

"कॉलेज दिवसा हाय की."

जेवण झाल्यावर त्याला नळापाशी गाठलं. वसतिगृहात याचा नंबर लागला नव्हता, तो मित्राच्या खोलीत चोरून राहत होता. स्वाधारचा अर्ज भरला होता. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोलीभाड्याला आणि जेवणाला पैसे देणारी ही योजना 2016-17 पासून आहे, बाबासाहेबांच्या नावानं आहे. कागदावर बरी रक्कम आहे. त्याच्या खात्यावर गेल्या वर्षीचा हप्ताच आलेला नव्हता. मेसवाल्याची उधारी दोन महिन्यांची झाली होती आणि मेसवाला आता सगळ्यांच्या पुढं हाक मारून मागत होता. आज मेळावा होता म्हणून दोन्ही वेळचं सुटलं, असं तो अगदी सरळ म्हणाला. त्याच्या तोंडावर रागाचं नावही नव्हतं. रागवायचं असतं हेच कुणी सांगितलं नसेल.

दुपारच्या सत्रात मी संयोजकांना चिठ्ठी पाठवली, पाच मिनिटं बोलायचंय. उत्तर आलं, बोलायला वेळ नाही, पण तुम्ही कवी आहात असं कळलं, एक कविता म्हणा.

आणि मी म्हटली. लपवायचं कशाला? चढलो, माइक धरला, समोर सगळे शिकलेले, मनात आलं की कविता राहू द्यावी आणि त्या पोराचं सांगावं. तोंडातून कविताच निघाली. टाळ्या पडल्या. शाल घातली, फोटो काढला. खाली आलो तेव्हा पुऱ्या वाढणारं पोरगं पडद्यापाशी उभं होतं, तेही टाळ्या वाजवत होतं. शाल आईनं गोधडीत घातली. तो फोटो पुढच्या स्मरणिकेत येईल, 'आपला कामगार कवी' म्हणून. म्हणून म्हणतो, शिव्या देताना मी स्वतःला वगळत नाही.

मी कॉलेज सोडलं त्याची कथा मोठी नाही. बाप गेला, धाकटी शाळेत होती, फी भरायची राहिली होती. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, तुझी शिष्यवृत्ती वरून आली की फी वळती करू, तोवर परीक्षेचा फॉर्म अडेल. फॉर्म अडला. मी गिरणीत लागलो. अकरा महिन्यांनी खात्यावर पैसे आले. मी तेव्हा साच्यावर होतो, खिशात मोबाइल थरथरला. धागा सांधून झाल्यावर बघितलं. दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची ही शिष्यवृत्ती 1944 ला सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, त्यांनी भांडून घेतलेली. इंग्रजाच्या तिजोरीतून काढलेला पैसा. माझ्यापर्यंत पोचताना अकरा महिने उशीर झाला, तर कुणाला घाम फुटला नाही.

आता मुद्द्यावर येतो. माजी विद्यार्थी कुणाला म्हणायचं?

बाबासाहेबही माजी विद्यार्थीच होते. 1913 ते 1916 कोलंबियाचे. महिन्याला साडेअकरा पौंड बडोद्याची शिष्यवृत्ती, तीही मोजून तीन वर्षांची. 1917 ला नोकरीला म्हणून बडोद्यात उतरले तेव्हा कोलंबियाच्या ह्या माजी विद्यार्थ्याला गावात राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. पुढं त्याच कोलंबियानं 1952 ला त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पण त्याआधी त्यांनी काय केलं होतं ते बघा. 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादला कॉलेज, तेच आपलं मिलिंद. मराठवाड्यातल्या पोराला तेव्हा पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं. आपल्या माळरानावर कॉलेज आणून ठेवलं, तर नागसेनवनात पोरं चालत आली. मिलिंदमध्ये शिकलेले सुखदेव थोरात यूजीसीचे अध्यक्ष झाले, आणि दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या पोरांना कसं वागवतात त्याच्या चौकशी समितीचे ते प्रमुख होते. 2007 ला अहवाल देऊन त्यांनी ते लिहून ठेवलं. गंगाधर पानतावण्यांनी त्याच औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवलं, ज्यात गावाकडच्या पोरांचं पहिलं लिखाण छापून आलं. असेही माजी विद्यार्थी आहेत. सगळे गृहप्रवेशवाले नाहीत, मला माहीत आहे.

उस्मानिया विद्यापीठानं 1953 च्या जानेवारीत बाबासाहेबांना डॉक्टरेट दिली. मराठवाड्यातली कॉलेजं तेव्हा उस्मानियालाच जोडलेली होती. म्हणजे आपल्या भागाचं विद्यापीठ निघायच्या पाच वर्षं आधी, निजामाच्या नावाच्या विद्यापीठाला बाबासाहेब कोण ते कळलं होतं. मग 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. धान्य जळालं, विहिरी नासवल्या, लोक रानात लपले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. नागपूरला पोलिसांच्या गोळ्यांनी कोवळी पोरं पडली. 1979 ला दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. 1993 च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नाव मिळालं, साडेपंधरा वर्षांनी. तेही 'मराठवाडा' तसंच ठेवून. मागितलं नामांतर, हातात आला नामविस्तार.

पोचीराम कांबळे ह्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते का? बॅच कोणती? पदवीच्या रकान्यात काय लिहायचं? ते मातंग समाजातले होते, हे आपल्यातले काही लोक भाषणात विसरतात, म्हणून इथं मुद्दाम लिहून ठेवतो. ज्यांची घरं जळाली त्यातल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती. कुणाच्या दाखल्यावर बाबासाहेबांचं नाव छापून यावं म्हणून ज्वारीची कणगी जळू दिली, त्या बाईला माजी विद्यार्थी मेळाव्याचं आमंत्रण कुठल्या पत्त्यावर जाईल? तुमच्या-माझ्या आधी त्या विद्यापीठावर तिचा हक्क आहे. तिच्या नातवाचा स्वाधारचा हप्ता अडकला, ही त्या विद्यापीठाची पहिल्या पानाची बातमी आहे. उपसंचालक मागच्या पानावर छापा, खुशाल छापा.

हे मी गिरणीवाला आहे म्हणून बोलतो असं वाटलं तर गिरणीचंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला रिंग खात्यात घ्यायचे, विणकाम खात्यात नाही. विणकामाला पगार जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचा धोटा बाकीचे लावणार नाहीत. 1928-29 च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड मांडलं. कामगारांच्या एकीला तडा जातो म्हणून तेव्हाही लोकांनी ओरडा केला, की आत्ताच कशाला, आपसात कशाला. ते ओरडणं ऐकून ते गप्प बसले असते तर विणकाम खात्याचा प्रश्न कधी निघालाच नसता. मीही आज रिंग खात्यातच आहे. आता कुणी अडवत नाही म्हणा. पदवीच्या रकान्यानं अडवलं.

आमच्या वस्तीतला एक कार्यकर्ता मला म्हणाला, "हे सगळं खरं आहे, पण छापू नकोस. मनुवादी हसतील." हसू द्या. त्यांना हसायला आपल्या अंकाची गरज कधीपासून लागली? रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप अडकलेली होती, ते त्यानं जाताना लिहून ठेवलं, 17 जानेवारी 2016. ते वाचून सगळे रडले, मोर्चे निघाले, मीही गेलो होतो. मला विचारायचंय ते एवढंच : पहिल्या महिन्याला अडकली तेव्हा कुठल्या माजी विद्यार्थी संघटनेनं फोन केला? दुसऱ्या महिन्याला? सात महिने म्हणजे सात वेळा पहिली तारीख येते.

आणखी एक. 2022 साली केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या मुलांच्या परदेशी शिष्यवृत्तीचा नियम बदलला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, इथला समाज यावर अभ्यास करायचा असेल तर पैसे नाहीत. 9 मे 1916 ला बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. म्हणजे सयाजीरावांच्या जागी हे सरकार असतं तर भीमराव रामजीचा अर्ज विषय अपात्र म्हणून परत आला असता. त्यावेळी काही पोरांनी आवाज उठवला, ठीक. पण आमच्या मेळाव्यात लंडनला गेलेल्या चिरंजीवांचा सत्कार झाला आणि ह्या नियमाचा 'न'सुद्धा कुणी काढला नाही.

आग्र्याला 18 मार्च 1956 ला बाबासाहेब शिकलेल्या लोकांविषयी काय बोलले ते तुम्हाला पाठ आहे. मी इथं लिहीत नाही. ते वाक्य आता प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवून म्हणतो. त्या मेळाव्यातसुद्धा तीन वक्त्यांनी म्हटलं आणि तिघांनाही टाळ्या पडल्या.

आता तुमच्याकडं वळतो, कारण साहेबांना झोडपताना तुम्ही माना हलवत असणार. तुमच्या संघटनेच्या पोस्टरवर बाबासाहेबांचा फोटो केवढा आणि तुमचा केवढा? 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर किती मंच लागतात ते मोजलंय का कधी? खेड्यातून आलेली म्हातारी सकाळी गेटला हात लावून कपाळाला लावते, आणि चार दिशांनी चार भोंगे एकमेकांवर ओरडत असतात. तिला एकाचंही नीट ऐकू येत नाही. वसतिगृहातल्या अडकलेल्या हप्त्यांची यादी तुमच्यातल्या किती जणांकडं आहे? नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला वर्गणी निघते. मेसच्या उधारीला निघत नाही. आमच्या वेळी माझ्या फॉर्मसाठी क्लार्कच्या टेबलापर्यंत माझ्याबरोबर यायला संघटनेचा एक पोरगा मिळाला नव्हता. सगळे व्याख्यानमालेच्या तयारीत होते. विषय होता 'बहुजनांचे शिक्षण'.

मला मोठ्या गोष्टी सुचत नाहीत. रात्रपाळीत सुचलं ते लिहितो. येत्या 14 जानेवारीला गेटपासून जरा लांब, जिथं भोंगे कमी ऐकू येतात तिथं, आपण एक सतरंजी टाकू. मंच नको, हार नको. एक वही ठेवू. तिच्यात रकाने असे : नाव, गाव, शिकणं कुठल्या वर्षी सुटलं, कशानं सुटलं, आता काय काम करतो, परत शिकायचंय का. पोरींची नावं आधी, कारण त्यांचं सुटतं तेव्हा कुणी विचारतसुद्धा नाही, लग्न झालं म्हणतात आणि संपलं. ज्यांचे हप्ते अडकलेत त्यांची दुसरी वही. अर्जाचा नंबर, तारीख, कुठल्या टेबलावर अडकलाय. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊ, माझी सुट्टी मी टाकून ठेवतो. आणि हुद्देवाल्या साहेबांना बरोबर येण्याचं आमंत्रण देऊ. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांच्या एका सहीनं किंवा एका फोननं टेबलावरचा कागद हलतो, आमच्या घोषणेनं तो दोन महिन्यांनी हलतो. आले तर त्यांचं नाव ह्या अंकात पहिल्या पानावर छापू, फोटोसकट. संपादक म्हणतात स्टेन्सिलवर फोटो नीट उठत नाही, तर नाव तरी ठळक काढू.

राहता राहिलं ते पुऱ्या वाढणारं पोरगं. त्याचा दर दोन दिवसांनी फोन येतो, दादा, जॉबरला सांगितलं का? मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या लागेल, रिंग खात्यात नेहमीच माणूस कमी असतो. पहिले आठ दिवस दिवसा वर्गात बसेल, मग वर्गात झोपेल, मग वर्गाला जाणार नाही. हे मला तारखेवार सांगता येतं.

मेसचे महिन्याला 2600 रुपये आहेत. आमच्या खात्यातल्या अकरा जणांनी शंभर-शंभर द्यायचं कबूल केलंय, त्यात दोघं मुसलमान आणि एक धनगर आहे. 1100 झाले. 1500 कमी पडतात, परीक्षेपर्यंत पाच महिने. ज्याला द्यायचे त्यानं माझ्याकडं पाठवू नयेत, माझ्याकडून खर्च होतील. थेट मेसवाल्याला द्यावेत. मेस कुठली ते संपादकांना विचारा. पोराचं नाव विचारू नका.